मंगलाष्टकं ताणणारा माणूस

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मी नेमकं काय करतो हे कुणालाच नीट माहीत नाही, आणि त्यात बालाघाटचा काही दोष नाही. मलाही ते एका वाक्यात सांगता येत नाही. संगीतकार आहे म्हटलं की समोरचा आधी विचारतो, "पिक्चर में?" नाही म्हटलं की, "मग ऑर्केस्ट्रात?" तेही नाही म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर दया येते आणि तो आवाज उतरवून विचारतो, "धुमालमध्ये का?" धुमाल म्हणजे आमच्याकडची वरातीची वाजंत्री. एका ट्रकवर ढोल, ताशे, बेंजो आणि खिडक्यांची तावदानं हलवणारे भोंगे. मी नाही म्हणतो खरा, पण म्हणताना मला थोडं वाईट वाटतं. धुमालवाल्यांना लग्नसराईत श्वास घ्यायला फुरसत नसते. मला ती बारा महिने असते.

आई माझ्यापेक्षा व्यवहारी. ती सांगते, "कंपुटरचं काम करते." त्यावर लोक समाधानाने मान हलवतात आणि विषय भावाच्या नोकरीकडे वळतो.

खरं ते असं की मी व्हायोलिन, चेलो वगैरे वाजवणाऱ्यांसाठी रचना लिहितो आणि त्यांत संगणकातून काढलेले आवाज मिसळतो. हे वाजतं कुठे, तर बहुतेक परदेशात, जिथे थंडी फार असते आणि संध्याकाळी लोकांना कुठे तरी उबेला बसायचं असतं. माझ्या सगळ्यात गाजलेल्या कार्यक्रमाला एकतीस श्रोते होते. मी मोजले होते. माझ्या रचनेत मोजायला वेळ भरपूर मिळतो.

माझी सगळी कारकीर्द एका बटणावर उभी आहे. कोणताही आवाज वाजत असताना ते दाबून धरलं की आवाज त्या क्षणी थांबतो, पण बंद होत नाही. तो ताणला जातो. एका सेकंदाची पाच मिनिटं करता येतात, दहाही करता येतात. परदेशात ते ऐकून एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि नंतर म्हणाल्या की ध्यान लागल्यासारखं झालं. तीच रचना मी घरी वडिलांना ऐकवली. तीन मिनिटं त्यांनी कळ काढली, मग स्पीकरवर दोन चापट्या मारल्या आणि विचारलं, "अटकलं का रे?"

महामारीत मी घरी आलो तो परत गेलोच नाही. लोकांना सांगतो, इथली शांतता मला हवी होती. खरं कारण म्हणजे गच्चीवरची खोली फुकट होती. आवाज घुमू नये म्हणून मी तिच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले. त्याने आवाजाचं काही होत नाही हे नंतर कळलं, पण तोवर शेजारच्या काकांनी "कोंबड्या किती आहेत?" म्हणून चौकशी करून झाली होती. अजूनही ते मधूनमधून भाव विचारतात.

तर अशा या खोलीत एका दुपारी माझी मावशी जिना चढून आली.

मावशीबद्दल सांगायचं तर ती आमच्या खानदानातली खरी संगीतकार. बैहरकडच्या प्राथमिक शाळेत तिने उभी नोकरी काढली. जंगलातल्या त्या शाळेत साठ पोरांना ती छडीशिवाय, नुसत्या आवाजावर बसवायची. निवृत्त होऊन बालाघाटला आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहायला आली. चाळीस वर्षं आमच्या घराण्यात एकही लग्न तिच्या मंगलाष्टकांशिवाय लागलं नाही. वधूवरांची नावं, दोन्हीकडच्या आजोबांची नावं, गावांची नावं, सगळं ती शार्दूलविक्रीडितात कोंबायची. राजेगावच्या एका सोयऱ्यांचं आडनाव कुठल्याच वृत्तात बसणारं नव्हतं, तेही तिने बसवलं.

पण तिची खरी कला नावं बसवण्यात नव्हती, ती वेळ बसवण्यात होती. मुहूर्ताला मिनिटाचाही फरक आमच्या महाराजांना, म्हणजे लग्न लावणाऱ्या भटजींना, चालायचा नाही. ते अंतरपाटाशेजारी उभे राहून डाव्या मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि उजव्या हाताचं बोट वर धरायचे. बोट वर म्हणजे अजून वेळ आहे, चालू ठेवा. बोट खाली आलं की संपवा. मावशी गाताना नवरीकडे बघायची नाही, नवरदेवाकडे बघायची नाही, तिचे डोळे त्या बोटावर. बोट वर असलं की शेवटच्या 'शुभमंगल सावधान'मधला 'सा' ती अशी लांबवायची की हातात अक्षता धरलेले लोक तसेच्या तसे उभे राहायचे. बोट खाली आलं की 'वधान', अक्षता आणि बाहेर धुमाल, सगळं एकदम. मग ती कुणाकडेही न बघता तळहात पुढे करायची आणि जवळ जो असेल त्याने त्यावर खडीसाखर ठेवायची. लहानपणी ते काम माझ्याकडे होतं. माझ्या सांगीतिक कारकिर्दीची सुरुवात तिथलीच म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज गेला. आता ती बोलते ते वाळल्या पानांवरून कुणी चाललं तसं येतं, आणि तेही दहा मिनिटांत थकतं. साठ पोरांना बसवणारी बाई आता भाजीवाल्याला हाक मारण्याऐवजी टाळी वाजवते.

आणि तिच्या मुलीचं, एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा खैरलांजीकडचा, मुहूर्त गोरज, सहा वाजून सदतीस मिनिटांचा.

ती माझ्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली. भिंतीवरच्या ट्रेंकडे तिने एकदा पाहून घेतलं, पण काही विचारलं नाही. पिशवीतून जुन्या कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवल्या. वेगवेगळ्या लग्नांत कुणाकुणाच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या.

"साऱ्यायच्या पोरींची लग्नं म्या गाऊन लावली," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या वक्ताले मी काय मुकी बसू? तुह्या त्या कंपुटरमधून मले काढून दे."

मला हे सांगायलाच हवं की त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की हिच्यावर एक मोठी रचना होऊ शकते. आमच्या जातीची माणसं अशीच असतात. समोर बाईचा आवाज गेलेला आणि आम्हाला सामग्री दिसते.

दोन आठवडे खपून मी पहिली आवृत्ती केली. अकरा मिनिटांची. मावशीच्या आवाजाचे बारीक बारीक कण करून ते एकावर एक रचले, खाली चेलोचा एक खोल सूर दिला, मध्ये वैनगंगेच्या काठावर भरलेला पाण्याचा आवाज सोडला. मला स्वतःला ते फार आवडलं. आमच्या धंद्यात ही धोक्याची खूण असते. मावशीला बोलावून हेडफोन लावून दिले. तिने अकराच्या अकरा मिनिटं ऐकलं, शाळेत तपासणी अधिकारी आल्यावर बसावं तशी ताठ बसून. मग हेडफोन काढून नीट घडी घालून ठेवल्यासारखे टेबलावर ठेवले.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "यात मी कुठं आहो रे, बाबू?"

मी सांगायला लागलो की मावशी, हा सगळा तुझाच आवाज आहे, अगदी प्रत्येक कण. ती ऐकून घेत होती. मुलं उत्तर चुकल्यावर लांबण लावतात तेव्हा ती अशीच ऐकून घ्यायची.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. सगळं काढून टाकलं, फक्त तिचं गाणं ठेवलं, पण धुऊन पुसून. टेपची खरखर काढली, पंख्याची घरघर काढली, कुठे तरी लहान मूल रडत होतं ते काढलं, स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी काढली. दोन कडव्यांमध्ये ती मोठ्याने श्वास घ्यायची तोही काढला. सूर दोन ठिकाणी चढलेला होता, तो हळूच खाली बसवला. नवं लग्न म्हणजे नावं नवी लागणार. मुलीचं नाव मिळालं तिच्याच बारशाच्या कॅसेटमध्ये, मावशीने पाळण्यात म्हटलेलं. नवरदेवाचं नाव मात्र कुठेच नव्हतं. ते मी तीन वेगवेगळ्या लग्नांतली अक्षरं उचलून जोडलं. ते ऐकताना नवरदेव तीन गावांतून फिरून आल्यासारखा वाटायचा, पण आला होता हे खरं.

मावशीने ऐकलं आणि विचारलं, "हे कोण बाई होय?"

"तूच आहेस."

"मी काहून इतकी गोड गाईन? आन हे श्वास घेत नाई का? मरून जाईन नं हे."

त्या दिवशी मला राग आला, खोटं कशाला सांगू. एकतीस लोकांनी टाळ्या वाजवलेला मी माणूस, आणि एक निवृत्त शिक्षिका माझं काम दोनदा परत पाठवते. रात्री जेवताना आईजवळ कुरकुर केली. आई म्हणाली, "तिचा आवाज आहे. तिले जसा पायजे तसा दे ना. तू काहून मधात येतं?" माझ्या आजवरच्या कामावर इतकी नेमकी टीका कुणी केलेली नाही.

मग मी काढलेलं सगळं परत घातलं. श्वास, पंखा, रडणारं मूल, कुकर. चढलेला सूर परत चढवला. नवरदेवाच्या नावाला मात्र इलाज नव्हता. मावशीने ऐकलं, नावापाशी जरा डोळे बारीक केले, आणि शेवटी मान हलवली.

"हौ," ती म्हणाली. "किती वेळाचं आहे?"

"सात मिनिटं. बरोबर सात. एका सेकंदाचाही फरक नाही." हे मी अभिमानाने सांगितलं.

"आन महाराजानं बोट वर केलं तं?"

मी हसलो. "मावशी, आता ते बोटबीट काही नाही. साडेसहाला सुरू करायचं, सदतीसला संपतं. वेळ आता कंपुटर पाहते."

तिने कॅसेट उचलून पिशवीत भरल्या. माझी चूक मी स्वतःच्या तोंडाने मोठ्याने सांगितली होती, आणि मला ती बढाई वाटत होती.

लग्नाच्या दिवशी मी लॉनच्या मंचाजवळ एका टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. मावशीने खुर्ची माझ्या शेजारी घेतली. मुलीची आई म्हणून तिने मंचावर असायला हवं होतं, तसं मावसाजी दोनदा येऊन सांगूनही गेले, पण ती हलली नाही. येणारे जाणारे मला डीजेवाला समजून फर्माइशी देत होते. एका पाहुण्याने चिठ्ठीवर तीन गाणी लिहून दिली.

आमच्याकडे मुलाकडची मंडळी उशिरा येतात. ते इतकं ठरलेलं आहे की त्याची सोय सगळ्यांनी मनात केलेली असते. पण नवरदेवाचे वडील शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. त्यांची वरात ठरल्या वेळेला फाटकात हजर. नाचणाऱ्यांना त्यांनी अंगठ्याच्या एका खुणेने थांबवलं, वऱ्हाड रांगेत आत आणलं, आणि मुलीकडचे लोक अजून फेटे शोधत असताना मंचावर उभे राहिले. महाराज अंतरपाट धरणाऱ्या दोघांवर ओरडत होते, कारण त्यांनी तो उलटा धरला होता. इतक्यात पीटी मास्तरांनी स्वतःचं घड्याळ बघून मला हुकूम सोडला, "साडे छह हो गए. चालू करो, भैया."

मी चालू केलं.

मावशीचा आवाज त्या लॉनवर पसरला आणि लोक बोलायचे थांबले. मी आजवर असा बदल पाहिलेला नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ती माझ्या शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि भोंग्यांतून गात होती. मुलीचं नाव आलं तेव्हा अंतरपाटामागे नवरीने मान खाली घातली. नवरदेवाचं नाव आलं तेव्हा तीन गावांचे पाहुणे चमकले, पण निभावलं.

शेवटचं कडवं सुरू झालं तेव्हा महाराजांनी पहिल्यांदा घड्याळ पाहिलं, आणि त्यांचं बोट झटकन वर गेलं.

नंतर कळलं ते असं. पीटी मास्तर कधी उशीर होऊ नये म्हणून आयुष्यभर घड्याळ चार मिनिटं पुढे ठेवत आले होते. सगळ्या खैरलांजीला हे माहीत होतं. मला कोण सांगणार? लॅपटॉपच्या कोपऱ्यात खरी वेळ दिसत होती, पण हुकूम सुटल्यावर तिकडे बघायचं मला सुचलं नाही. मुहूर्ताला चार मिनिटं होती आणि माझ्याकडे गाणं उरलं होतं दहा सेकंदांचं.

पुन्हा पहिल्यापासून लावावं तर नवरदेवाचं ते नाव लोकांना दुसऱ्यांदा ऐकवायची माझी हिंमत नव्हती. महाराजांनी परिस्थिती ओळखून घसा खाकरला आणि माइककडे हात नेला, म्हणजे उरलेली कडवी ते म्हणणार. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. साठ पोरं बसवणारी नजर अजून शाबूत होती. महाराजांनी हात मागे घेतला. मग तिने तिचं बोट माझ्या डोळ्यांसमोर वर धरलं, आणि भोंग्यांतून आलं, "शुभमंगल सा…"

मी बटण दाबलं.

'सा' थांबला. म्हणजे संपला नाही, तिथेच राहिला. लॉनभर, दिव्यांच्या माळांखाली, जेवणाच्या तंबूपर्यंत. सवयीने काहींनी अक्षता टाकून दिल्या आणि मग घाईने शेजाऱ्याच्या मुठीतून उसन्या घेतल्या. बाकीचे चारशे लोक मूठ खांद्याइतकी उचलून उभे राहिले. एक मिनिट गेलं. कुणी तरी मागून विचारलं, "भैया, हैंग हो गया क्या?" माझे वडील दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी वळून जरा मोठ्यानेच सांगितलं, "हँग नाही. तो असाच करते."

इतका वेळ ताणल्यावर आवाजाच्या आतलं दिसायला लागतं. टेपची खरखर वाऱ्यासारखी येत होती. त्या कॅसेटमध्ये नेमक्या त्याच जागी कुकर होता, आणि त्याची शिट्टी लांबून लांबून शंख फुंकल्यासारखी झाली होती. कुणाला कळलं नाही, दोन म्हाताऱ्यांनी तर हात जोडले. पोरंदेखील गप्प होती. कुणालाही हलता येत नव्हतं, कारण हातात अक्षता आणि समोर अंतरपाट. मी जन्मभर ज्या श्रोत्यांची वाट पाहिली ते हे होते, आणि त्यांना माझ्या रचनेचं काही देणंघेणं नव्हतं. ते एका मुलीचं लग्न लागायची वाट बघत होते. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. मला भीती वाटत होती, फक्त भीती, की माझं बोट बटणावरून घसरेल.

मी मावशीकडे पाहिलं. तिचे डोळे महाराजांच्या बोटावर होते. तिचं तोंड उघडं होतं, 'सा'च्या आकारात. आवाज अर्थातच येत नव्हता. पण संगणकाला श्वास लागत नाही आणि तिला लागत होता. त्या चार मिनिटांत तिने कितीतरी वेळा घाईघाईने, कुणाच्या लक्षात येऊ नये असा श्वास घेतला आणि तोंड पुन्हा तसंच उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. कपाळावर घाम आला होता. माझ्या डोळ्यांसमोरचं तिचं बोट एकदाही हललं नाही.

महाराजांचं बोट खाली आलं. त्याच क्षणी तिचंही आलं. मी बटण सोडलं.

"…वधान!"

अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली पडला, बाहेर धुमालवाले इतका वेळ दाबून ठेवलेल्या जोरानिशी सुटले. नवरीने हार घातला तो मी पाहिला. मावशीने पाहिला नाही. ती खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसली होती आणि तिची छाती वरखाली होत होती.

"थकली रे मी," ती म्हणाली. धुमालच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

आणि मग माझ्याकडे न बघता तिने तळहात पुढे केला.

मी खिसे चाचपले. एका खिशात पेन ड्राइव्ह होता, दुसऱ्यात त्या पाहुण्याची तीन गाण्यांची चिठ्ठी. तो हात तसाच पुढे राहिला. मी लॅपटॉप उघडा टाकला आणि खडीसाखर शोधत आचाऱ्याच्या तंबूकडे पळत सुटलो.